एकाच उबुंटूवर जावा ८ आणि २१, नोड १४ आणि २०, मायएसक्यूएल ५.७ आणि ८: दोन्ही संच एकाच वेळी कसे चालवायचे?

दोनडगरी (प्रश्न)

मशीन: उबुंटू २४.०४, १६ जीबी रॅम. कमांड आणि एरर उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत.

जुना प्रोजेक्ट: जावा ८, ग्रेडल ६.८ (बिल्ड करणारं साधन; त्याचं ठरलेलं व्हर्जन चालवणारी 'ग्रेडलडब्ल्यू' स्क्रिप्ट, म्हणजे रॅपर, प्रोजेक्टमध्येच आहे), फ्रंटएंडला वेबपॅक ४ आणि नोड-सास ४.१४ (सास फाइलींचं सीएसएस करणारं पॅकेज), म्हणजे नोड १४. डेटाबेस मायएसक्यूएल ५.७.

नवा प्रोजेक्ट: जावा २१, स्प्रिंग बूट ३, ग्रेडल ८.५, नोड २०, मायएसक्यूएल ८.

नवी सर्व्हिस जुन्या सर्व्हिसची एपीआय वापरते, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी चालू लागतात. 'आज जुनं, उद्या नवं' असं करून भागत नाही. सध्या 'अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज'ने जावा इकडून तिकडे करतोय आणि दर वेळी काहीतरी गंडतंय:

१. 'जावा -व्हर्जन' ८ दाखवतं, तरी जुन्या प्रोजेक्टचं 'ग्रेडलडब्ल्यू बिल्ड' «अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६५» म्हणून मरतं.

२. जुना फ्रंटएंड नोड २० वर «ईआरआर_ओएसएसएल_ईव्हीपी_अनसपोर्टेड» देत होता. नेटवरचा उपाय म्हणून बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी फाइल) नोड_ऑप्शन्सला '--ओपनएसएसएल-लेगसी-प्रोव्हायडर' दिलं. आता नोड १४ सुरूच होत नाही, म्हणतो की हा पर्याय नोड_ऑप्शन्समध्ये चालणार नाही.

३. 'एनपीएम इन्स्टॉल' करताना नोड-सास पायथन २ मागतो. २४.०४ च्या रेपॉझिटरीत पायथन २ नाही. पायथन ३.८ बाहेरून टाकून '/यूएसआर/बिन/पायथन३' तिकडे वळवलं, पण नोड-सास अडलेलाच आहे आणि वर 'अ‍ॅप्ट'ही «एपीटी_पीकेजी सापडत नाही» म्हणतंय.

४. मायएसक्यूएल ५.७ कुठून आणि कसा बसवावा? ८ आधीच ३३०६ वर आहे.

व्हर्च्युअल मशीन हा शेवटचा पर्याय आहे, रॅम पुरणार नाही.

---

बिल्डबहाद्दर

आधी तिसऱ्यातला 'अ‍ॅप्ट'चा भाग सोडवा, बाकी सगळं नंतर. '/यूएसआर/बिन/पायथन३' तुमच्यासाठी नाही, सिस्टिमसाठी आहे. 'एपीटी_पीकेजी' हे सी++ मधलं मॉड्यूल २४.०४ वर पायथन ३.१२ साठीच कंपाइल केलेलं असतं, ३.८ ला ते दिसतच नाही. कित्येकदा ग्नोमचं टर्मिनलही याच कारणाने उघडायचं थांबतं. 'सुडो अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज --रिमूव्ह-ऑल पायथन३' करा. त्याने लिंकच उडते, म्हणून लगेच 'सुडो एलएन -एस पायथन३.१२ /यूएसआर/बिन/पायथन३'. पुढे कधी ३.८ लागलंच तर त्याला 'पायथन३.८' अशा पूर्ण नावाने हाक मारा आणि त्याच्यातूनच व्हेन्व्ह (प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन) बनवा. व्हेन्व्हचं फोल्डर नंतर हलवू नका, आतल्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत पूर्ण पाथ लिहिलेला असतो.

आता जावा. 'अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज' हे अख्ख्या मशीनसाठी एकच उत्तर ठरवतं आणि तुम्हाला एकाच वेळी दोन हवी आहेत, तेव्हा ते हत्यारच चुकीचं आहे. व्हर्जन ठरवण्याचा अधिकार प्रोजेक्टच्या फोल्डरकडे हवा, मशीनकडे नको.

पहिल्या एररचं कारण असं की 'ग्रेडलडब्ल्यू' स्क्रिप्ट आधी 'जावा_होम' (जावाचं फोल्डर सांगणारं एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल) बघते. ते सेट असेल तर पाथमधल्या जावाकडे ढुंकूनही पाहत नाही. अल्टरनेटिव्ह्जने फक्त '/यूएसआर/बिन/जावा' ही लिंक बदलली, जावा_होम २१ वरच राहिलं. ६५ हा जावा २१ च्या क्लास फाइलचा आकडा आहे (८ साठी ५२, ११ साठी ५५, १७ साठी ६१). ग्रेडल ६.८ ला तो कळत नाही. म्हणजे तुमचा कोड चुकलेला नाही, ग्रेडल स्वतःच चुकीच्या जावावर चढलंय.

दोन्ही ग्रेडलना चालेल असा एकच जावा निवडता येईल का, तर नाही. ग्रेडल ६.८ जावा ८ ते १५ वर चालतं. स्प्रिंग बूट ३ च्या प्लगइनला ग्रेडल किमान १७ वर चालू लागतं. टूलचेन वापरून कंपाइलचा जावा वेगळा देता येतो, पण ग्रेडलची स्वतःची प्रोसेस ज्या जावावर चालते ती अट त्याने सुटत नाही. लोक टूलचेनच्या मागे लागून इथेच वेळ घालवतात.

पायऱ्या:

'अ‍ॅप्ट'मधून ओपनजेडीके-८-जेडीके आणि ओपनजेडीके-२१-जेडीके दोन्ही बसवा. २४.०४ मध्ये दोन्ही आहेत आणि '/यूएसआर/लिब/जेव्हीएम' मध्ये वेगवेगळ्या फोल्डरात सुखाने नांदतात. बॅशआरसी, प्रोफाइल आणि '/ईटीसी/एन्व्हायरन्मेंट' या तिन्हींतून जावा_होमची ओळ काढा. मग 'अ‍ॅप्ट'मधूनच डायरेन्व्ह (फोल्डरप्रमाणे एन्व्हायरन्मेंट बदलणारं साधन) बसवा आणि त्याची हुकची ओळ बॅशआरसीच्या अगदी शेवटी टाका.

जुन्या प्रोजेक्टच्या मुळाशी '.एनव्हीआरसी' फाइल, तीन ओळींची:

एक्स्पोर्ट जावा_होम=/यूएसआर/लिब/जेव्हीएम/जावा-८-ओपनजेडीके-एएमडी६४
पाथ_अ‍ॅड $जावा_होम/बिन
पाथ_अ‍ॅड $होम/.एनव्हीएम/व्हर्जन्स/नोड/व्ही१४.२१.३/बिन

नव्या प्रोजेक्टमध्ये तसंच, २१ आणि २० चे पाथ घालून. पहिल्या वेळी आणि फाइलला हात लावल्यावर दर वेळी 'डायरेन्व्ह अलाउ' द्यावं लागतं. फोल्डरमधून बाहेर पडलात की सगळं आपोआप पूर्ववत होतं. दोन टर्मिनल टॅब उघडा, एकात ८, दुसऱ्यात २१, दोन्ही खुशाल चालू राहतात.

तपासणी 'जावा -व्हर्जन'ने करू नका, 'ग्रेडलडब्ल्यू --व्हर्जन'ने करा. त्यातल्या जेव्हीएमच्या ओळीत 'ग्रेडलडब्ल्यू'ने कुठला जावा उचलला ते दिसतं. पाथमध्ये एकाच नावाचे किती जण बसलेत ते 'टाइप -ए जावा', 'टाइप -ए नोड' सांगतं. वरचा पहिला तो जिंकतो.

ती ओळ बरोबर असूनही बिल्ड चुकीच्या जावावर चालला तर '~/.ग्रेडल/ग्रेडल.प्रॉपर्टीज' उघडा. तिथे 'ओआरजी.ग्रेडल.जावा.होम' कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं. ही ओळ जावा_होमला दाबते आणि होम फोल्डरमधली फाइल प्रोजेक्टमधल्या फाइललाही दाबते, त्यामुळे प्रोजेक्टमध्ये कितीही दुरुस्त्या करा, फरक पडत नाही.

रॅमबद्दल: प्रत्येक ग्रेडल आणि जावा जोडीचा डीमन (मागे चालू राहणारी प्रोसेस) वेगळा उठतो आणि काम नसलं तरी तीन तास बसून राहतो. १६ जीबीत ते जाणवेल. काम झालं की त्या त्या फोल्डरमधून 'ग्रेडलडब्ल्यू --स्टॉप' द्या. ते त्याच ग्रेडल व्हर्जनचे डीमन थांबवतं, म्हणून दोन्हीकडे वेगळं द्यावं लागेल.

---

टर्मिनलवासी

नोडचं मी घेतो.

दुसरा आणि तिसरा हे वेगळे प्रश्न वाटतात, पण मूळ एकच आहे: जुना प्रोजेक्ट नोड २० वर चालवला गेला. नोड १७ पासून आत ओपनएसएसएल ३ आलं आणि वेबपॅक ४ ज्या जुन्या एमडी४ हॅशवर विसंबून आहे तो त्यात डीफॉल्टने बंद आहे. नोड १४ मध्ये ओपनएसएसएल १.१.१ आहे, तिथे हा प्रश्नच नाही. तेव्हा बॅशआरसीमधून ती ओळ काढून टाका. ती फक्त १७ आणि पुढच्यांना कळते, आणि सगळ्या मशीनसाठी लिहिलेली असल्याने ज्याला गरज नाही त्यालाही लागू होते.

आता नोड-सास आणि पायथन. नोड-सास इन्स्टॉल होताना आधी तयार बायनरी शोधतो. प्रत्येक मोठ्या नोड व्हर्जनचा एक मॉड्यूल नंबर असतो: नोड १४ चा ८३, नोड २० चा ११५. लिनक्ससाठी ८३ ची बायनरी ४.१४ सोबत उपलब्ध आहे, ती उतरते आणि काम संपतं. ११५ ची नाहीच, म्हणून तो नोड-जिपला (पॅकेजमधला सी++ कोड कंपाइल करणारं साधन) बोलावून स्वतः कंपाइल करायला बसतो, आणि त्या जमान्यातला नोड-जिप पायथन २ मागतो. थोडक्यात, योग्य नोडवर आलात की पायथन लागतच नाही. पायथन २ शोधत बसणं हा रोग सोडून लक्षणावर उपचार.

क्रम असा ठेवा:

एनव्हीएम (नोडची अनेक व्हर्जन शेजारी शेजारी ठेवणारं साधन) बसवा, त्यातून १४.२१.३ (१४ मालिकेतलं शेवटचं) आणि २० दोन्ही घ्या. डीफॉल्ट २० ठेवा. जुन्या फोल्डरमध्ये 'नोड_मॉड्यूल्स' पूर्ण उडवा, आधी नोड २० ने भरलेलं असेल तर त्यात अर्धवट गोष्टी राहिलेल्या असतात. 'नोड -व्ही' बघून खात्री करा, मग 'एनपीएम सीआय'. 'एनपीएम इन्स्टॉल' नको.

'सीआय' का, तर लॉक फाइलमुळे (प्रत्येक पॅकेजचं नेमकं व्हर्जन तिच्यात लिहिलेलं असतं). 'सीआय' तिला हात लावत नाही, 'इन्स्टॉल' लावू शकतं. नोड १४ सोबत एनपीएम ६ येतो, तो लॉक फाइलची आवृत्ती १ लिहितो. नोड २० सोबतचा एनपीएम आवृत्ती १ दिसली की ती न विचारता ३ मध्ये बदलतो. ३ एनपीएम ६ ला वाचता येत नाही, मग तो लॉक नसल्यासारखा वागतो आणि वाटेल ती नवी पॅकेजं ओढतो. एकदा चुकून नव्या नोडने 'इन्स्टॉल' मारलं की हे होतं, आणि गिटमध्ये हजारो ओळींचा फरक दिसला तरी लोक न बघता कमिट करतात. आत्ताच 'पॅकेज-लॉक.जेसन' उघडून वरची 'लॉकफाइलव्हर्जन' ओळ बघा. ३ असेल तर गिटमधून जुनी फाइल परत आणा.

पुन्हा तसं होऊ नये म्हणून 'पॅकेज.जेसन'मध्ये 'इंजिन्स' खाली नोड १४ लिहा आणि प्रोजेक्टच्या '.एनपीएमआरसी'मध्ये 'इंजिन-स्ट्रिक्ट=ट्रू'. मग चुकीच्या नोडवर इन्स्टॉल सुरूच होत नाही.

बिल्डबहाद्दर यांच्या पद्धतीला एक पुरवणी: डायरेन्व्हने नोडचा पाथ दिलेल्या फोल्डरमध्ये 'एनव्हीएम यूज' करू नका. दोघेही पाथमध्ये हात घालतात आणि शेवटी कोण जिंकलं ते कळत नाही. एनव्हीएमचा उपयोग नोड उतरवण्यापुरता ठेवा. आणि '-जी' लावून टाकलेली पॅकेजं प्रत्येक नोडची वेगळी असतात, १४ वर गेल्यावर 'कमांड सापडली नाही' आलं तर घाबरू नका.

सवड मिळाली की नोड-सासच काढून टाका. ज्या लिबसासवर तो उभा आहे ते २०२० मध्येच डेप्रिकेटेड जाहीर झालंय. 'पॅकेज.जेसन'मध्ये 'नोड-सास' या नावापुढे 'एनपीएम:सास' लिहिलं तर पुष्कळदा बाकी काही न बदलता बिल्ड होतो. अडतो तो मुख्यतः '/डीप/' लिहिलेल्या जागी.

---

दोनडगरी

'अ‍ॅप्ट' पूर्ववत झालं. लॉक फाइल खरंच ३ झाली होती, गिटमधून जुनी आणली, 'सीआय' पायथन न मागता पूर्ण झालं. 'ग्रेडलडब्ल्यू --व्हर्जन' दोन्हीकडे बरोबर.

मात्र इंटेलिजेमधून (माझा आयडीई, म्हणजे कोड एडिटर) जुना प्रोजेक्ट सिंक केला की परत ६५ चीच एरर. टर्मिनलमधून तोच बिल्ड होतो.

---

बिल्डबहाद्दर

इंटेलिजे मेन्यूतून सुरू केलात तर त्याला तुमचं डायरेन्व्ह ठाऊक नसतं. टर्मिनलमधून सुरू करूनही खात्री नाही, कारण एक खिडकी आधीच उघडी असेल तर नवी खिडकी त्याच जुन्या प्रोसेसमध्ये उघडते आणि तिचंच एन्व्हायरन्मेंट घेते. तिथे हाताने सांगणंच बरं.

दोन वेगळ्या जागा आहेत आणि गोंधळ तिथेच होतो. 'प्रोजेक्ट स्ट्रक्चर'मधला एसडीके म्हणजे तुमचा कोड कशावर कंपाइल व्हायचा आणि एडिटरने कुठल्या जावाचे नियम लावायचे ते. ग्रेडल कशावर चालेल ते ठरतं 'सेटिंग्ज'मध्ये 'बिल्ड, एक्झिक्युशन, डिप्लॉयमेंट', तिथून 'बिल्ड टूल्स', 'ग्रेडल', आणि तिथल्या 'ग्रेडल जेव्हीएम' या खान्यात. बहुतेक जण पहिली जागा बदलतात आणि दुसरी २१ वरच राहते. ही सेटिंग प्रोजेक्टगणिक वेगळी असते, त्यामुळे दोन्ही खिडक्या एकाच वेळी उघड्या ठेवायला अडचण नाही.

---

डबाबंद

चौथ्या प्रश्नाचं उत्तर, आणि थोडा वादही.

मायएसक्यूएल ५.७ ची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, २४.०४ च्या रेपॉझिटरीत तो नाही. जुन्या उबुंटूची डेब फाइल आणून बसवण्याच्या भानगडीत पडू नका. एक तर दोन्ही मायएसक्यूएलची फाइलनावं, सर्व्हिसचं नाव आणि डेटा फोल्डर तेच, 'अ‍ॅप्ट' एकाला काढून दुसरा बसवेल. शिवाय जुन्या डेबसोबत 'लिबएसएसएल१.१'सारख्या लायब्ररी मागे येतात, ज्या २२.०४ पासून उबुंटूत नाहीत.

८ ला आहे तिथे ३३०६ वर राहू द्या. ५.७ डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या 'कंटेनर'मध्ये चालवणारं साधन): अधिकृत 'मायएसक्यूएल:५.७' इमेज, पोर्ट '१२७.०.०.१:३३०७:३३०६', आणि '/व्हार/लिब/मायएसक्यूएल'साठी स्वतःचा नाव दिलेला व्हॉल्यूम (डॉकरची डेटा साठवायची जागा). पोर्टच्या आधी १२७.०.०.१ नक्की लिहा. नुसतं '३३०७:३३०६' दिलं तर डॉकर तो सगळ्या नेटवर्कवर उघडतो, आणि यूएफडब्ल्यूचे (उबुंटूच्या फायरवॉलचे) नियम त्याला अडवत नाहीत.

यात हमखास फसायच्या जागा:

'मायएसक्यूएल -एच लोकलहोस्ट -पी ३३०७' केलंत तर तुम्ही ८ वरच जाल. लिनक्सवर हा क्लायंट 'लोकलहोस्ट' शब्द दिसला की युनिक्स सॉकेट घेतो आणि पोर्टकडे दुर्लक्ष करतो, एररही देत नाही. '-एच १२७.०.०.१' लिहा. (पोर्टचा 'पी' मोठ्या लिपीतला, छोटा पासवर्डचा.) जावाच्या जेडीबीसी यूआरएलला हे लागू नाही, ते टीसीपीनेच जातं. आत गेल्यावर 'सिलेक्ट व्हर्जन()' चालवून बघा. '@@पोर्ट'वर भरवसा नको, कंटेनरच्या आत तो ३३०६ च असतो, दोन्हीकडे तेच दिसेल.

जुन्या अ‍ॅपमध्ये «कॅशिंग_एसएचए२_पासवर्ड प्लगइन लोड होत नाही» आलं तर ड्रायव्हर बदलायला धावू नका. ही ८ ची डीफॉल्ट पद्धत आहे, ५.७ ती मागतच नाही. अर्थ एवढाच की जुनं अ‍ॅप चुकीच्या सर्व्हरचं दार ठोठावतंय.

५.७ चा व्हॉल्यूम ८ च्या कंटेनरला चुकूनही जोडू नका. ८.०.१६ पासून सर्व्हर सुरू होताना डेटा आपोआप नव्या रूपात नेतो. परतीची वाट नाही, ५.७ त्या फोल्डरवर पुन्हा उठत नाही. व्हॉल्यूमच्या नावातच ५७ आणि ८० घालून ठेवा.

बॅकअप घेताना मशीनवरचा ८ चा 'मायएसक्यूएलडंप' ५.७ वर चालवलात तर «अननोन टेबल कॉलम_स्टॅटिस्टिक्स» येतं. '--कॉलम-स्टॅटिस्टिक्स=०' द्या, किंवा सरळ 'डॉकर एक्झेक'ने कंटेनरच्या आतला ५.७ चाच डंप वापरा.

कंटेनर सुरू होताच कित्येक जीबी रॅम खाऊन मरत असेल तर फाइल हँडलची मर्यादा जवळजवळ अमर्याद झालेली आहे आणि ५.७ तिच्या प्रमाणात आधीच जागा राखायला जातो. '--यूलिमिट नोफाइल=२६२१४४:२६२१४४' दिलं की आटोक्यात येतो.

आता वाद. डॉकर आणलंतच आहे तर जावा ८ आणि नोड १४ ही आतच का नको? मशीनवर फक्त नवा संच, जुना अख्खा कंटेनरमध्ये. नव्या माणसाला एक फाइल दिली की झालं.

---

बिल्डबहाद्दर

डेटाबेसबाबत शंभर टक्के सहमत. सर्व्हर म्हणून चालणारी, पोर्ट आणि डेटा फोल्डर अडवणारी गोष्ट कंटेनरमध्येच हवी. पण रोज ज्यावर डीबग करायचं तो जावा आत टाकला की आयडीईला आतला जेडीके, आतली ग्रेडल कॅश, डीबग पोर्ट हे सगळं जोडून द्यावं लागतं. ८ आणि २१ चं भांडण फक्त पाथ आणि जावा_होमपुरतं आहे, ते तीन ओळींत मिटलं. एवढ्यासाठी कंटेनर म्हणजे डास मारायला तोफ.

आणि नोड आत चालवायचाच तर '--यूजर'ने स्वतःचा यूआयडी आणि जीआयडी द्या. नाहीतर 'नोड_मॉड्यूल्स' रूटच्या मालकीचं बनतं आणि बाहेरून 'सीआय' मारलं की परवानगी नाकारली जाते.

जुन्या टूलला सिस्टिमची लायब्ररीच जुनी हवी असेल, म्हणजे तोच 'लिबएसएसएल१.१' किंवा जुना जीसीसी रनटाइम, तर मात्र डबाबंद म्हणतात तेच बरोबर. पाथ बदलून तिथे काही होत नाही.

---

डबाबंद

तोफ मान्य. पण जुन्या प्रोजेक्टवर महिन्यातून एखादाच बदल होत असेल तर मी तरीही आतच ठेवेन. रोज हात लागत असेल तर तुमचं बरोबर.

---

खिडकीतून

विंडोज ११ वर हेच करणाऱ्यांसाठी थोडं, कारण तिथे नियम उलटे पडतात.

विंडोज पाथ जोडताना सिस्टिमचा आधी आणि युजरचा नंतर लावतो. त्यामुळे युजर पाथमध्ये जावा ८ अगदी वर टाकलात तरी सिस्टिम पाथमधला २१ जिंकतो. ओरॅकलचा इन्स्टॉलर सिस्टिम पाथच्या सुरुवातीला 'कॉमन फाइल्स'मधलं 'जावापाथ' फोल्डर घालतो, ते आधी काढा. शोधायला 'व्हेअर जावा' चालवा. पॉवरशेलमध्ये नुसतं 'व्हेअर' म्हणजे वेगळीच कमांड, तिथे 'व्हेअर.ईएक्सई' पूर्ण लिहावं लागतं.

'पायथन' टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडत असेल तर सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅप एक्झिक्युशन एलियासेस' बंद करा. व्हर्जन निवडायला 'पीवाय -३.८' असा लाँचर वापरा, 'पीवाय -०' सगळी बसवलेली व्हर्जन दाखवतो.

'एनव्हीएम-विंडोज' हा नावापुरता एनव्हीएम, प्रकल्प वेगळा आहे. तो एक लिंक बदलतो, म्हणजे एका खिडकीत 'यूज' केलं की सगळ्या खिडक्यांत नोड बदलतो. दोन्ही एकाच वेळी हवे असतील तर तो कामाचा नाही, एफएनएम किंवा व्होल्टा घ्या.

डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) वापरत असाल तर वरचं सगळं उबुंटूचं जसंच्या तसं चालतं, फक्त एक बघा. डब्ल्यूएसएल विंडोजचा पाथ आपल्या पाथच्या शेपटीला जोडतो. आत नोड बसवलेला नसला तरी 'एनपीएम' चालतो, कारण तो '/एमएनटी/सी'मधला विंडोजचा असतो, आणि मग लिनक्सच्या फोल्डरमध्ये विंडोजच्या बायनरी येऊन पडतात. '/ईटीसी/डब्ल्यूएसएल.कॉन्फ'मध्ये 'इंटरॉप' विभागाखाली 'अपेंडविंडोजपाथ=फॉल्स' लिहा, मग बाहेरून 'डब्ल्यूएसएल --शटडाउन'. कोडही '/एमएनटी/सी'वर न ठेवता लिनक्सच्या होममध्ये ठेवा, तिकडून फाइल वाचणं फार मंद आहे.

---

सफरचंदी

एम-चिपच्या मॅकवर हाच संच लावणाऱ्यांसाठी: नोडच्या अधिकृत एआरएम बायनरी १६ पासून सुरू होतात, म्हणून १४ हवा असेल तर 'आर्च -एक्स८६_६४ झेडएसएच' करून रोझेटाच्या (इंटेलचे प्रोग्राम एम-चिपवर चालवणारी सोय) शेलमधून एनव्हीएम चालवा. म्हणजे नोड-सासलाही इंटेलची तयार बायनरी मिळते. 'मायएसक्यूएल:५.७' इमेजही फक्त एएमडी६४ ची आहे, '--प्लॅटफॉर्म लिनक्स/एएमडी६४' द्यावं लागतं.

---

दोनडगरी

ग्रेडल जेव्हीएमचं बरोबर निघालं, सिंक झालं. ५.७ कंटेनरमध्ये ३३०७ वर, दोन्ही अ‍ॅप एकाच वेळी चालू आहेत: जुनं ८०८०, नवं ८०८१.

एक विचित्र गोष्ट उरली. जुन्यात लॉगिन केलं की नव्यातून लॉगआउट होतो, नव्यात केलं की जुन्यातून. डेटाबेस वेगळे, पोर्ट वेगळे. काय राहिलं?

---

टर्मिनलवासी

कुकी. ब्राउझर कुकी होस्टच्या नावावर ठेवतो, पोर्ट बघतच नाही. दोन्ही अ‍ॅप 'लोकलहोस्ट'वर आहेत आणि दोन्ही 'जेसेशनआयडी' नावाचीच कुकी लिहितात, त्यामुळे दुसरं अ‍ॅप पहिल्याची पुसून आपली लिहितं.

एका अ‍ॅपच्या लोकल प्रोफाइलमध्ये 'सर्व्हर.सर्व्हलेट.सेशन.कुकी.नेम' बदला, उदाहरणार्थ 'नवा_सेशन'. कोडला हात लावायचा नसेल तर एक अ‍ॅप 'लोकलहोस्ट:८०८०'ने आणि दुसरं '१२७.०.०.१:८०८१'ने उघडा, ब्राउझरच्या लेखी ते दोन वेगळे होस्ट आहेत. मात्र सीओआरएसच्या (कुठल्या पत्त्यावरच्या पानांना एपीआय वापरता येईल त्याच्या) यादीत 'लोकलहोस्ट' लिहिलेलं असेल तर तिथेही हा पत्ता वाढवावा लागेल.

आणि दोन्हीला डीबगर जोडणार असाल तर रिमोट डीबगचा पोर्ट बघा, दोघांच्याही स्क्रिप्टमध्ये ५००५ असण्याची शक्यता दाट आहे. एकाला ५००६ करून टाका.